गव्हाविना ब्रेड : घरच्या ओव्हनमधले नवे गणित

पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर आलेला पाव आज मराठी शहरी घरात पोळीभाकरीइतकाच रुळला आहे. सकाळचा टोस्ट, मुलांच्या डब्यातील सँडविच, संध्याकाळची मिसळ किंवा पावभाजी यांपैकी काहीही त्याच्याविना पूर्ण होत नाही. मात्र दोन प्रकारच्या घरांत हा पाव अचानक परका होतो. पहिले घर सिलिअ‍ॅक विकाराचे निदान झालेल्या व्यक्तीचे. तेथे गव्हाचा कणही वर्ज्य ठरतो. दुसरे घर मधुमेहाच्या रुग्णाचे. तेथे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ताटातील पिष्टमय पदार्थ कमी करायला सांगतात. या दोन्ही गरजा भागवणारा ब्रेड घरच्या ओव्हनमध्ये तयार करता येतो. त्यासाठी गहू पिठात नेमके काय काम करतो आणि ते काम दुसऱ्या कोणाकडून करून घेता येते, एवढे समजून घ्यावे लागते.

दोन अटी, दोन वेगळी कारणे

‘ग्लुटेनमुक्त’ आणि ‘कमी कर्बोदकांचा’ हे दोन शब्द जाहिरातींत अनेकदा एकत्र येतात. त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात या दोन स्वतंत्र अटी आहेत. ज्वारीची भाकरी पूर्णपणे ग्लुटेनमुक्त असते, पण ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा यांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने तीच. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला ही धान्ये चालतात. कर्बोदके मोजून खाणाऱ्याला मात्र त्यांचेही प्रमाण सांभाळावे लागते. उलट बाजूने पाहिले, तर ‘लो कार्ब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक ब्रेडमध्ये गव्हातून वेगळे काढलेले शुद्ध ग्लुटेनच मुख्य घटक असते. ते मधुमेही व्यक्तीला सोयीचे, तर सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला थेट अपायकारक.

सिलिअ‍ॅक ही साधी अ‍ॅलर्जी नव्हे. हा स्वयंप्रतिकार विकार आहे. जनुकीय प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीने ग्लुटेन खाल्ले, की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म केसांसारखे उंचवटे त्यामुळे झिजून सपाट होतात. परिणामी जुलाब, पोटफुगी, न हटणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ, ठिसूळ हाडे अशी लक्षणे दिसतात. काहींना पोटाचा त्रास अजिबात नसतो आणि निदान वर्षानुवर्षे लांबते. जगात सुमारे एक टक्का लोकसंख्येत हा विकार आढळतो. भारतात गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडे त्याचे प्रमाण दक्षिणेपेक्षा बरेच अधिक आहे. आजघडीला त्यावर एकच खात्रीचा उपचार आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लुटेन पूर्णपणे टाळणे.

दोन्ही अटी एकाच ताटात येण्याचे प्रसंगही दुर्मीळ नाहीत. टाइप १ मधुमेह हाही स्वयंप्रतिकार विकारच. तो असलेल्यांत सिलिअ‍ॅकचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळते. अशा घरात ब्रेड कशाचा आहे आणि एका पावात कर्बोदके किती, हे दोन्ही प्रश्न रोजचे असतात.

पूर्वइतिहास

मधुमेही रुग्णाने काय खावे, हा प्रश्न इन्सुलिनच्या आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात आहार हेच या विकारावरचे मुख्य शस्त्र होते. फ्रान्समधील अपोलिनेर बुशार्दा यांनी मधुमेहींसाठी ग्लुटेनच्या ब्रेडचा पुरस्कार केला. पिठातील स्टार्च धुऊन टाकायचा आणि उरलेल्या चिवट प्रथिनाचा ब्रेड करायचा, अशी ती कल्पना होती. कमी कर्बोदकांचा हा जुना ब्रेड ग्लुटेनने भरलेला होता, हा इतिहासातील मौजेचा भाग. पुढे लंडनचे डॉ. फ्रेडरिक विल्यम पेव्ही यांनी त्याच हेतूने बदामाचा वापर सुचवला. आज घरोघरी होणाऱ्या बदामाच्या ब्रेडचे मूळ त्या प्रयत्नांपर्यंत जाऊन पोहोचते. १९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केल्यावर आहाराचे हे कठोर बंधन सैल झाले.

ग्लुटेनचा धागा वेगळ्या दिशेने उलगडला. १८८८ मध्ये लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी सिलिअ‍ॅकचे आधुनिक वर्णन केले. बरे होण्याचा मार्ग असलाच तर तो आहारातून जाईल, हे त्यांनी ओळखले होते. पण दोषी पदार्थ कोणता, हे त्यांना उमगले नव्हते. ते कोडे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सोडवले. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि ब्रेड मिळेनासा झाला. त्या काळात सिलिअ‍ॅकची मुले सुधारली. ब्रेडचा पुरवठा पूर्ववत होताच ती पुन्हा आजारी पडू लागली. डिके यांनी १९५० मध्ये प्रबंधातून आपले निष्कर्ष मांडले आणि गव्हावरील आरोप सिद्ध झाला.

ग्लुटेन काय करते?

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी घालून कणीक मळली, की ती एकमेकांत गुंततात आणि लवचिक जाळे तयार होते. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. यीस्ट साखरेचे किण्वन करते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. हे जाळे फुग्यासारखे ताणले जाते आणि वायूला धरून ठेवते. ओव्हनच्या उष्णतेने जाळे घट्ट होते, स्टार्च शिजून भिंतींना आधार देतो आणि पावाला जाळी पडते. कणीक ताणता येते आणि पोळी लाटताना तुटत नाही, तेही याच प्रथिनांमुळे. जव आणि राय या धान्यांत याच कुळातील प्रथिने असतात, म्हणून तीही वर्ज्य.

घरी वेगळा ब्रेड करताना ग्लुटेन आणि स्टार्च हे दोन्ही खांब एकाच वेळी काढून घेतले जातात. बदामाची पूड पाण्यात कितीही मळली तरी तिला ताण येत नाही. त्यामुळे वायू धरून ठेवण्यासाठी, घटकांना बांधून ठेवण्यासाठी आणि भाजल्यावर आकार टिकवण्यासाठी तीन वेगवेगळे मदतनीस शोधावे लागतात.

गव्हाची जागा घेणारे घटक

बदाम : या ब्रेडचा पाया. १०० ग्रॅम बदामात सुमारे २१ ग्रॅम प्रथिने, ५० ग्रॅम स्निग्धांश आणि २१-२२ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक वाटा न पचणाऱ्या तंतुमय भागाचा. सोललेल्या बदामांची पूड पांढरी आणि मऊ होते, तर सालासकटची थोडी भरड आणि तपकिरी. घरी पूड करताना बदाम पूर्ण कोरडे आणि थंड असावेत. मिक्सर थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवल्यास तेल सुटते आणि पुडीऐवजी लोणी तयार होते.

इसबगोल : गुजरात आणि राजस्थानात पिकणारे आणि आपल्याकडे बद्धकोष्ठतेवरचे घरगुती औषध म्हणून परिचित असलेले इसबगोल या ब्रेडचा खरा कणा आहे. त्याचा भुसा स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषतो आणि घट्ट, ताणला जाणारा जेल बनतो. ग्लुटेनच्या जाळ्याचे काम बऱ्याच अंशी तोच करतो. जवळजवळ सगळी कर्बोदके तंतुमय असल्याने रक्तशर्करेवर त्याचा भार नगण्य. बाजारात साखर आणि स्वाद मिसळलेले इसबगोलही मिळते. ते टाळून साधा भुसा घ्यावा.

जवस : विदर्भात जवसाची चटणी घरोघरी होते. १०० ग्रॅम जवसात सुमारे २९ ग्रॅम कर्बोदके असली, तरी त्यांतील २७ ग्रॅम तंतुमय असतात. दळलेले जवस पाण्यात चिकट होते आणि बांधणीला मदत करते. त्याची पूड लवकर खवट होते, म्हणून ती ताजी करावी आणि उरल्यास शीतकपाटात ठेवावी.

शेंगदाण्याचे कूट : बदाम न परवडणाऱ्यांसाठी मराठी स्वयंपाकघरातला हा हाताशी असलेला पर्याय. प्रथिने बदामाहून किंचित अधिक आणि कर्बोदकेही कमीच. मात्र दाणे अगदी मंद भाजावेत आणि कूट चाळून घ्यावे. चव दाण्याचीच येते. ती तिखट चटणी किंवा पिठल्याबरोबर छान जुळते, जॅमबरोबर नाही.

खोबऱ्याचे पीठ : नारळाचे दूध काढून उरलेला चोथा वाळवून दळला की हे पीठ मिळते. ते इतके पाणी शोषते, की बदामाच्या पुडीच्या जागी तेवढ्याच वजनाने घातले तर ब्रेड दगडासारखा होतो. बदामाच्या साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा घेऊन अंडी आणि पाणी वाढवावे लागते. सुक्या खोबऱ्याचा कीस म्हणजे हे पीठ नव्हे.

अंडी : पांढऱ्या भागातील प्रथिने उष्णतेने गोठतात आणि फुगलेला आकार पक्का करतात. पिवळा बलक मऊपणा आणि रंग देतो, पण त्याचे प्रमाण वाढले तर ब्रेडला ऑम्लेटची चव येते.

बेसन ही मधली वाट आहे. ते ग्लुटेनमुक्त असते आणि प्रथिनेही भरपूर देते. मात्र त्यातील कर्बोदके बदामापेक्षा कितीतरी अधिक. केवळ ग्लुटेन टाळायचे असेल तर उत्तम, दोन्ही टाळायचे असल्यास थोडेच घालावे.

आठ पाव : साहित्य

बदामाची बारीक पूड १५० ग्रॅम, जवसाची पूड ३० ग्रॅम, मिक्सरमध्ये बारीक केलेला इसबगोलाचा भुसा ४० ग्रॅम, बेकिंग पावडर २ सपाट छोटे चमचे, मीठ १ छोटा चमचा, तीन अंड्यांचा पांढरा भाग, पांढरे किंवा सफरचंदाचे व्हिनेगर २ छोटे चमचे, उकळते पाणी २४० मिलिलिटर. वरून लावायला पांढरे तीळ.

वाटीच्या मापावर विसंबू नये. इसबगोल हलका असतो, त्यामुळे वाटी दाबून भरली की हलकी भरली यावर वजन बरेच बदलते. या ब्रेडमध्ये दहा ग्रॅम इसबगोलाचा फरकही निकाल पालटवतो. छोटा स्वयंपाकघरातला वजनकाटा ही येथे चैन नसून गरज आहे. व्हिनेगर घेताना ‘माल्ट’ प्रकारचे टाळावे, कारण ते जवापासून बनते.

कृती

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर दहा ते पंधरा मिनिटे तापत ठेवावा. बदामाची पूड, जवस, इसबगोल, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळणीतून काढावे. गाठी राहिल्यास पावात इसबगोलाचे चिकट ठिपके दिसतात. चाळणीत उरलेली भरड हाताने पुन्हा मिश्रणात मिसळावी.

अंड्याचा पांढरा भाग आणि व्हिनेगर कोरड्या मिश्रणात घालून हलकेच कालवावे. लगेच उकळते पाणी एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने लाकडी चमच्याने किंवा हँड मिक्सरने अर्धा मिनिट भराभर ढवळावे. सुरुवातीला मिश्रण भज्यांच्या पिठासारखे सैल दिसते. त्याला घाबरून कोरडी पूड वाढवू नये. दोन-तीन मिनिटांत इसबगोल पाणी ओढून घेतो आणि मऊ कणकेसारखा गोळा तयार होतो. अर्धा मिनिट झाल्यावर ढवळणे थांबवावे. जास्त घोटल्यास तयार झालेला वायू निघून जातो.

हात पाण्याने ओले करून आठ सारखे गोळे वळावेत. बटर पेपर लावलेल्या पत्र्यावर पुरेसे अंतर ठेवून ते मांडावेत, वर तीळ लावावेत आणि ओव्हनच्या खालच्या कप्प्यात ५० ते ६० मिनिटे भाजावेत. पहिली चाळीस मिनिटे दार उघडू नये. भाजलेला पाव उलटा करून बोटाने ठोकल्यास पोकळ आवाज येतो. तो न आल्यास आणखी पाच-सात मिनिटे द्यावीत. बाहेर काढल्यावर पाव तारेच्या जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम असताना कापल्यास आतील जेल अजून सैल असतो आणि पाव कच्चा असल्याचा भास होतो.

पूर्ण लादी करायची असल्यास हेच मिश्रण लहान साच्यात घालून सव्वा तासापर्यंत भाजावे लागते. तिचा मध्यभाग शिजणे हे नवशिक्याला अवघड जाते. म्हणून सुरुवात लहान पावांपासून करणे श्रेयस्कर.

ओव्हन नसलेल्या घरी जाड बुडाच्या कुकरमध्ये तळाशी मीठ पसरून, शिटी आणि रबरी रिंग काढून केक करण्याची जुनी पद्धत येथेही चालते. त्यात पाव शिजतो, पण वरची बाजू फिकट आणि ओलसर राहते. तो आडवा कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करून घ्यावा.

यीस्ट का नाही?

या पाककृतीत यीस्ट नाही, यामागे कारण आहे. यीस्टला वाढायला साखर किंवा स्टार्च लागतो आणि तोच येथे काढून घेतलेला आहे. यीस्टचा वास हवा असल्यास एक छोटा चमचा साखर कोमट पाण्यात विरघळवून त्यात यीस्ट फुलवता येते. त्या साखरेचा काही भाग किण्वनात वापरला जातो. मात्र गव्हाच्या कणकेप्रमाणे दुपटीने फुगण्याची अपेक्षा ठेवू नये आणि बेकिंग पावडरही पूर्ण वगळू नये. यीस्ट येथे स्वादासाठी, फुगण्याची जबाबदारी रासायनिक वायूची आणि अंड्याची.

चुकते कुठे?

आत गचगचीत राहणे ही सर्वांत सामान्य तक्रार. पाणी अधिक पडणे, भाजणे अपुरे होणे किंवा इसबगोल जाडसर राहणे ही तिची कारणे. पुढच्या खेपेला पाणी २० मिलिलिटरने कमी करून दहा मिनिटे अधिक भाजावे.

वरच्या पापुद्र्याखाली मोठी पोकळी राहिल्यास पाणी पुरेसे उकळते नव्हते किंवा गोळे वळताना आत हवा अडकली, असे समजावे. ओव्हनमधून काढल्यावर पाव बसला, तर बहुधा तो वेळेआधी काढलेला असतो. पाव फुगलाच नाही, तर बेकिंग पावडर जुनी आहे का ते पाहावे. चमचाभर पावडरीवर गरम पाणी टाकल्यावर ती जोरात फसफसायला हवी.

काही वेळा पाव आतून जांभळट दिसतो. तो खराब झालेला नसतो. इसबगोलाच्या काही प्रकारांत भाजल्यावर असा रंग येतो आणि चवीत फरक पडत नाही. बदामाऐवजी सूर्यफुलाच्या बियांची पूड वापरल्यास पाव हिरवट होतो. त्या बियांतील क्लोरोजेनिक आम्लाची सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी होणारी ती प्रक्रिया असून तीही निरुपद्रवी आहे. व्हिनेगर थोडे वाढवल्यास रंग कमी येतो.

अंड्याविना

शाकाहारी घरांत पहिला प्रश्न अंड्याचा येतो. जवसाची पूड तिप्पट पाण्यात भिजवून केलेला चिकट घट्ट द्रव बांधणीचे काम करतो, परंतु भाजल्यावर गोठून आकार धरण्याचे अंड्याचे काम तो करू शकत नाही. म्हणून अंड्याविना उंच लादी करण्याचा हट्ट धरू नये. अंड्यांऐवजी १०० ग्रॅम आंबट दही आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घ्यावा, बेकिंग पावडर निम्मी करावी, पाणी २०० मिलिलिटरपर्यंत आणावे आणि पाऊण इंच जाडीचे चपटे पाव थापावेत. ते ४०-४५ मिनिटांत भाजून होतात. जाळी बारीक पडते आणि पोत भाकरी आणि पाव यांच्यामधला राहतो. सँडविचसाठी आडवे कापून वापरता येतात.

आकडे काय सांगतात?

वरील प्रमाणात केलेला एक पाव भाजल्यावर ६० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात पचणारी कर्बोदके अडीच ग्रॅमच्या जवळपास, तंतुमय भाग सात ग्रॅमहून अधिक, प्रथिने सुमारे सहा ग्रॅम आणि स्निग्धांश अकरा ग्रॅमच्या आसपास येतो. बाजारातील पांढऱ्या ब्रेडच्या एका कापात १२ ते १५ ग्रॅम कर्बोदके असतात. हा फरक मोठा आहे.

मात्र दुसरा आकडाही पाहायला हवा. या एका पावातून सुमारे १४० कॅलरी मिळतात. पांढऱ्या ब्रेडच्या कापातून साधारण ६५-७०. वजन घटवण्यासाठी हा ब्रेड स्वीकारून एका वेळी चार पाव संपवणाऱ्याची निराशा निश्चित. त्याची जमेची बाजू अशी, की तंतुमय भाग आणि प्रथिनांमुळे एका पावानेच पोट भरल्यासारखे वाटते.

परदेशी पाकिटे वाचताना एक खाचखळगा लक्षात ठेवावा. अमेरिकी लेबलवर एकूण कर्बोदकांत तंतुमय भाग धरलेला असतो. म्हणून पचणारी कर्बोदके काढण्यासाठी तो वजा करावा लागतो. युरोपीय लेबलवर तो आधीच वेगळा काढलेला असतो. तेथे पुन्हा वजाबाकी केल्यास हिशेब चुकतो. टाइप १ मधुमेहात इन्सुलिनची मात्रा या हिशेबावर ठरते, त्यामुळे ही चूक किरकोळ नसते.

गिरणी, चाळणी आणि हिंग

सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी पाककृतीइतकेच स्वयंपाकघर महत्त्वाचे. ग्लुटेनमुक्त म्हणवण्यासाठी एक किलो पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे आणि भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तोच स्वीकारला आहे. ही मर्यादा किती कडक आहे, ते मैद्याच्या चिमटीशी तुलना केल्यास कळते. टेबलावर सांडलेले थोडेसे पीठही ती सहज ओलांडू शकते.

सर्वांत मोठा धोका पिठाच्या गिरणीत. गव्हाचे दळण काढून त्याच जात्यावर ज्वारी टाकली, की ज्वारीत गहू आलाच. ‘ज्वारीवर ज्वारी’ टाकून घेण्याची जुनी रीत चवीसाठी ठीक, पण रुग्णासाठी पुरेशी नाही. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये किंवा केवळ त्यासाठी ठेवलेल्या घरगुती चक्कीत दळणे हाच सुरक्षित मार्ग. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे, ब्रेडचा साचा आणि टोस्टर हे वेगळे असावेत. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ अडकून राहते आणि ते धुऊनही पूर्ण जात नाही. घरात पोळ्या होत असतील तर ब्रेड आधी करावा, कणीक नंतर मळावी.

छुपे गहूही ओळखायला हवेत. बाजारातील बांधणी हिंगात पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. फोडणीतल्या चिमूटभर हिंगाने सारी पथ्ये वाया जाऊ शकतात. रवा, शेवया, दलिया ही गव्हाचीच रूपे. सोया सॉसमध्ये गहू असतो. माल्टयुक्त पेयांत जव असतो. ओट्स मुळात वेगळे धान्य असले, तरी शेतात आणि कारखान्यात त्यात गहू मिसळतो. म्हणून ग्लुटेनमुक्त असे प्रमाणित केलेलेच ओट्स आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. ‘मल्टिग्रेन’ हा शब्द दिसला, की त्यात गहू आहेच असे समजून लेबल वाचावे.

सुरू करण्यापूर्वी

पोट बिघडते म्हणून परस्पर गहू सोडून देण्याची प्रवृत्ती वाढली आहे. यात एक मोठी जोखीम आहे. सिलिअ‍ॅकचे निदान रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीने आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीद्वारे घेतलेल्या आतड्याच्या तुकड्याच्या परीक्षणाने होते. ग्लुटेन आधीच बंद केलेले असल्यास प्रतिपिंडे घटतात, आतडे सावरू लागते आणि विकार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून तपासणी आधी आणि पथ्य नंतर, हा क्रम मोडू नये.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनीही सावध राहावे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना कर्बोदके एकाएकी घटवली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ‘ग्लिफ्लोझिन’ने शेवट होणाऱ्या नावांची नवी औषधे घेणाऱ्यांना अति कमी कर्बोदकांच्या आहारात किटोअ‍ॅसिडोसिस या गंभीर अवस्थेचा धोका वाढतो. अशा वेळी रक्तातील साखर फारशी वाढलेली नसली तरीही तो उद्भवू शकतो. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी बदाम आणि जवस यांतील पोटॅशियम व फॉस्फरसचा विचार करावा. वाढत्या वयातील मुले आणि गर्भवती यांची कर्बोदके घरच्या घरी तोडू नयेत.

इसबगोल पाणी ओढतो. या ब्रेडबरोबर दिवसभर पुरेसे पाणी प्यायले नाही, तर बद्धकोष्ठ उलट वाढते. सवय नसलेल्याने पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच पाव खावा. काही औषधांचे शोषण इसबगोलाने मंदावते, म्हणून गोळ्या आणि ब्रेड यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

साठवण आणि खर्च

बाजारचा ब्रेड शिळा होतो तो मुख्यतः त्यातील स्टार्च पुन्हा घट्ट झाल्याने. या ब्रेडमध्ये स्टार्च जवळजवळ नसल्याने तो त्या अर्थाने शिळा होत नाही, पण ओलावा अधिक आणि संरक्षक रसायने नसल्याने बुरशी लवकर धरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाहेर एक दिवस, शीतकपाटात हवाबंद डब्यात चार-पाच दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर तो टिकतो. गोठवण्यापूर्वी पाव आडवे कापून मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवल्यास हवा तेवढाच भाग काढून थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये गरम करता येतो.

खर्चाची बाजूही स्पष्ट असावी. बदामामुळे हा पाव बेकरीतील पावाच्या कितीतरी पट महाग पडतो. निम्मे बदाम आणि निम्मे शेंगदाण्याचे कूट घेतल्यास खर्च बराच उतरतो. केवळ ग्लुटेन टाळायचे असणाऱ्याने तर या खर्चात पडण्याची गरजच नाही. घरी दळलेल्या ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदळाचे घावन, आंबोळ्या, थालीपिठातले गहू वगळून केलेली भाजणी हा त्याच्यासाठी पिढ्यान्पिढ्यांचा तयार साठा आहे. बदामाचा पाव ज्याला दोन्ही अटी पाळायच्या आहेत त्याच्यासाठी.

ताजा पाव पहिल्यांदा खाताना तो मैद्याच्या लुसलुशीत पावाशी ताडून पाहू नये. त्याचा पोत घट्ट, चव दाणेदार आणि गंध भाजलेल्या बदामाचा असतो. मधुमेही व्यक्तीने खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहून तो आपल्याला किती मानवतो, याची नोंद ठेवावी. दोन-तीन वेळच्या नोंदींवरून रोजच्या न्याहारीत एक पाव ठेवायचा की दोन, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवता येते.